रबरी ठशावर दाबलेल्या फोमची छाप उलटी का येते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. उष्णतेने मऊ होणारा आणि थंड झाल्यावर दाबलेला आकार धरून ठेवणारा फोमचा ठोकळा आपण विकत घेतला, हीट गनने, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या हस्तकलेच्या साधनाने, तापवून तो घरातल्या रबरी ठशावर दाबला आणि त्या फोमने दिवाळीची शुभेच्छापत्रे छापायला घेतली. परंतु पणतीच्या रेघा रंगीत येण्याऐवजी पांढऱ्या आल्या, खालची ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे उलटी उमटली आणि ज्योतीभोवतीची बारीक नक्षी शाईत बुडून गेली. फोम सदोष आहे की आपली पद्धत चुकते, असे आपण विचारले आहे. पहिल्या दोन गोष्टी दोष नाहीतच, तो फोमचा स्वभाव आहे. तिसरा दोष मात्र हाताचा आहे, आणि तो दोन-चार कार्डांच्या सरावात सुधारतो.

आधी स्वभावाबद्दल लिहिते, कारण तो ध्यानात आला नाही तर पुढच्या सूचना निरुपयोगी ठरतील. रबरी ठशावर रेघा उंच असतात आणि रेघांमधली जागा खोल असते. शाई उंच भागाला लागते, म्हणून कागदावर रेघ उमटते. तापलेला फोम त्यावर दाबला की उंच रेघा फोममध्ये रुततात आणि तिथे खाचा पडतात. त्यानंतर फोमला शाई लावली तर ती खाचांमध्ये जात नाही, खाचांभोवतीच्या सपाट भागाला लागते. म्हणून रबरी ठसा रेघ छापतो, तर फोम रेघेच्या भोवतीची जागा छापतो. मूळ ठशाची नक्कल करून देणारे स्वस्त साधन म्हणून फोम विकत घेतलेल्या बहुतेकांची निराशा होते, ती यामुळेच. मी स्वतः फोमला ठशाचा पर्याय मानत नाही. मी त्याला पार्श्वभूमी तयार करणारे साधन मानते.

दिशेचे गणितही असेच सरळ आहे. रबरावरची अक्षरे उलटी कोरलेली असतात, ती कागदावर उलटून सरळ होतात. फोमवर दाबताना ती एकदा उलटून सरळ झाली, आणि फोम कागदावर टेकवताना पुन्हा उलटली. मी वर्गात एकच नियम सांगते: ज्या वस्तूवर फोम दाबायचा तिच्या तोंडाकडे पाहावे, तिथे जे जसे दिसते तसेच, त्याच दिशेने, कागदावर येणार आहे. रबराच्या तोंडाकडे पाहिले तर अक्षरे उलटी दिसतात, म्हणून छापही उलटी. नाण्याकडे पाहिले तर अंक सरळ दिसतो, म्हणून नाण्यावर दाबलेल्या फोमची छाप सरळ. पिंपळाच्या पानाचे टोक उजवीकडे वळलेले दिसत असेल तर कागदावरही ते उजवीकडेच वळेल.

या नियमाकडे दुर्लक्ष केल्याचा एक प्रसंग माझ्याच हातून घडला आहे. एका लग्नासाठी हाताने छापलेल्या दीडशे आमंत्रणपत्रिकांचे काम मी घेतले होते आणि वरच्या बाजूला फिकट केशरी रंगात फोमची गणपतीची छाप घेतली होती. सगळे बघून झाले, वाखाणूनही झाले, आणि मग मुलीच्या आजीने पत्रिका हातात घेऊन विचारले, “सोंड उजवीकडे मुद्दाम घेतली आहे का?” माझ्याकडचा रबरी ठसा डाव्या सोंडेचा गणपती छापत असे, फोमने तो उजव्या सोंडेचा करून टाकला होता. सिद्धटेकचा किंवा प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा आहे आणि त्याचे सोवळे कडक मानतात, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. पत्रिकेवर तो नको, असे त्या घराचे म्हणणे पडले. मी पत्रिकांची वरची पट्टी पुन्हा छापून चिकटवली. स्वस्तिकाचेही असेच होते, फोमवरून घेतले की त्याच्या भुजा विरुद्ध दिशेला वळतात. ‘श्री’ आणि ‘ॐ’ यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा धार्मिक चिन्हे आणि अक्षरे ही रबराने थेट छापावीत, फोमकडे देऊ नयेत.

अक्षरे फोमनेच हवी असतील तर जाड पुठ्ठ्यातून अक्षरे कापून ती आपल्याला वाचता येतील अशी सरळ मांडून, दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवावीत आणि त्यावर फोम दाबावा; रंगीत जमिनीवर पांढरी, सरळ अक्षरे मिळतात. देवनागरीत अशी अक्षरे कापताना शिरोरेषा अखंड ठेवली तर सगळा शब्द एकसंध राहतो आणि मांडणी सोपी जाते. रबरी ठशाचीच रंगीत रेघांची सरळ छाप फोमवरून हवी असेल तर मधे आणखी एक साचा लागतो. हवेवर वाळणाऱ्या मातीच्या गुळगुळीत लादीवर टाल्कम पावडर भुरभुरवून रबरी ठसा दाबायचा, लादी एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यायची आणि तिच्यावर तापलेला फोम दाबायचा. मातीतल्या खाचांच्या जागी फोम उंच राहतो आणि छाप मूळ ठशासारखी येते. मी हे करून पाहिले आहे. माती वाळताना आक्रसते, बारीक रेघा जातात, आणि जो ठसा हातात आहेच त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता रबरी ठशाची निवड. फोमसाठी जाड, मोकळ्या रेघांचे ठसे घ्यावेत: एकाच रेघेत काढलेली पाने, कोयरी, जाळी, ठळक फुले, भौमितिक वेल. केसाएवढ्या रेघांनी छायाप्रकाश दाखवलेले ठसे फोमला झेपत नाहीत, कारण तेवढी अरुंद खाच फोमच्या बुडबुड्यांच्या आकाराजवळ जाते आणि शाईच्या पहिल्याच थरात बुजते. याउलट ज्या ठशात मोठे भरीव भाग असतात त्याची छाप जवळजवळ कोरी निघते, कारण तो भाग फोममध्ये रुतून बसलेला असतो. आपल्या पणतीभोवतीची नक्षी बुडाली, त्याचे अर्धे कारण ठशाची बारीक रेघ हे असावे.

ठसा कशाचा आहे, हेही पाहावे. लालसर किंवा करड्या रबराचा ठसा असेल तर चिंता नाही. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधकासह रबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली, आणि त्या रीतीने पक्के झालेले रबर पुन्हा तापले तरी वितळत नाही; गरम फोमचा त्याला काहीही त्रास होत नाही. अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरायचे पारदर्शक ठसे मात्र मऊ पॉलिमरचे असतात. ते उष्णतेने चिकट होतात, वाकतात, क्वचित फोमलाच चिकटून बसतात. माझे दोन चांगले ठसे असेच गेले आहेत.

तापवण्याकडे वळू. फोम म्हणजे प्लास्टिकच्या पातळ भिंतींमध्ये कोंडलेली हवा. अशा ठोकळ्यांचे प्लास्टिक बहुधा ईव्हीए (इथिलीन-व्हिनाइल अॅसिटेट हे मऊ, लवचीक प्लास्टिक) किंवा पॉलिथिलीनच्या कुळातले असते; ते तापले की भिंती नरम पडतात, दाबले की बुडबुडे चपटे होतात, आणि दाबलेल्या स्थितीत थंड झाले की तसेच गोठतात. पुन्हा तापवले की भिंती सैल होऊन कोंडलेली हवा आणि प्लास्टिकचा ताण मिळून पृष्ठभाग वर उचलतात, म्हणून जुनी नक्षी पुसली जाऊन ठोकळा नव्या छापेला तयार होतो. एवढे कळले की दोन गोष्टी आपोआप समजतात: दाब उष्णता असतानाच द्यायचा, आणि फोम थंड होईपर्यंत तो सोडायचा नाही.

रबरी ठसा टेबलावर तोंड वर करून ठेवावा. फोम हाताने न धरता चिमट्यात किंवा जुन्या लाकडी पट्टीच्या टोकावर धरून, हीट गन पाच ते सात सेंटिमीटर अंतरावर गोल गोल फिरवत, साधारण वीस ते तीस सेकंद तापवावा. घड्याळापेक्षा फोमकडे पाहावे. पृष्ठभागाची चकाकी किंचित बदलते आणि कडा थोड्या वळू लागतात, तेव्हा तो तयार असतो. एकाच जागी गन रोखून धरली तर तिथे पृष्ठभाग वितळून खड्डा पडतो आणि तो पुढे कधीच भरून येत नाही. तापलेला फोम दोन-तीन सेकंदांच्या आत ठशावर पालथा घालावा, वर सपाट लाकडी फळी किंवा जाड पुस्तक ठेवावे आणि सरळ खाली, दोन्ही तळव्यांनी, वीस सेकंद दाबून धरावे. बहुतेक जण उलट करतात, म्हणजे फोम खाली ठेवून वरून ठशाची मूठ दाबतात. त्यामुळे मधला भाग खोल आणि कडेचा उथळ होतो. डावी-उजवीकडे झुलवू नये, उचलून बघण्याचा मोह आवरावा. एकदा अर्धवट उचललेला फोम पुन्हा त्याच जागी बसवता येत नाही, दुहेरी रेघ पडते.

केस वाळवण्याचे यंत्र या कामाला पुरत नाही. उलट रंग खरवडण्यासाठी सुतार आणि रंगारी वापरतात ती हीट गन ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते, तिने फोम जळतो. ती वापरायचीच असेल तर सर्वांत खालच्या टप्प्यावर आणि दुप्पट अंतरावरून. खिडकी उघडी असावी. मुलांबरोबर काम करताना तापवण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि दाबण्याचे मुलांना द्यावे. खरी गंमत दाबून उचलण्यातच असते. थर्माकोल मात्र हीट गनखाली कधीही धरू नये, तो वितळतो आणि त्याचा धूर घातक असतो.

आपली नक्षी बुडण्याचे उरलेले अर्धे कारण, माझ्या अंदाजाने, छापतानाचा जोर आहे. रबरी ठशांची सवय झालेला हात कागदावर दणका देतो, आणि रबर तो सोसते, कारण त्याच्या रेघा घट्ट असतात. फोम स्पंजासारखा दबतो. जोर जास्त झाला की खाचांचा तळही कागदाला टेकतो आणि जी जागा पांढरी राहायची ती डागाळते. त्यातच रबरी ठसे वापरणारे लोक छाप नीट उठावी म्हणून कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी घालतात. फोमच्या वेळी ती काढून टाकावी. खाली कडक टेबल, वर मऊ फोम, आणि तळव्याचा फक्त टेकल्याइतका भार एवढे पुरते. ठोकळा पातळ असेल तर तो मागून लाकडी किंवा अॅक्रिलिकच्या तुकड्यावर दुहेरी टेपने चिकटवावा, म्हणजे बोटांचे दाब छापेत दिसत नाहीत.

शाई लावताना फोम पॅडवर दाबू नये. पॅड उलटा हातात धरून फोमच्या पृष्ठभागावर हलके थापावा. डाय शाई, म्हणजे रंग विरघळवून केलेली शाई, पातळ असते, ती नव्या फोमवर थेंब धरून राहते आणि पहिली छाप ठिपक्याठिपक्यांची येते. ओल्या फडक्याने पृष्ठभाग पुसून दोन-तीन छापा रद्दी कागदावर घेतल्या की ती सुधारते. ठिपकेदार छापच आवडणारेही पुष्कळ आहेत, आणि जुन्या भिंतीसारखा तो पोत मलाही कधी कधी हवा असतो. पिगमेंट शाई, म्हणजे बारीक रंगकणांची शाई, दाट असते, फोमवर एकसारखी बसते, रंग खुलतो. मात्र ती खाचा लवकर भरते आणि सावकाश वाळते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पिगमेंट शाईची कार्डे मी दोन-दोन दिवस पंख्याखाली पसरून ठेवली आहेत. गुळगुळीत, चकचकीत कागदावर तर ती वाळतच नाही. तिथे ओल्या छापेवर एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून छापेला उठाव देणारी पूड) भुरभुरवून, जास्तीची झटकून, हीट गनने वितळवून घ्यावी. फोमच्या मोठ्या रंगीत भागांवर ही पावडर फार भरगच्च दिसते, म्हणून मी पारदर्शक पावडरच वापरते. अॅक्रिलिक रंगही चालतो, पण तो स्पंजाच्या तुकड्याने अगदी पातळ लावावा आणि छाप घेताच फोम धुऊन टाकावा.

फोमची खरी करामत एकाहून अधिक रंगांत आहे. रबराच्या रेघेवर दोन रंग लावले तर ते जेमतेम कळतात. फोमच्या पसरट पृष्ठभागावर पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे पट्टे एकमेकांत मिसळत थापले की संध्याकाळचे आभाळ होते आणि त्यात पांढऱ्या रेघांची नक्षी उजळून दिसते. एकाच पॅडच्या शाईने पहिली छाप गडद, शाई न लावता घेतलेली दुसरी फिकट, अशा जोड्याही कार्डाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला शोभतात.

रबर आणि फोम एकत्र वापरण्याची एक रीत मी आपल्या पणतीसाठीच सुचवीन. आपल्या ठशातली पणती डावी-उजवीकडून सारखी असेल, तर तो ठसा उलटला तरी तसाच राहतो. अक्षरांचा भाग कागदी टेपने झाकून केवळ पणतीची छाप फोमवर घ्यावी. आधी फोमने फिकट पिवळी पार्श्वभूमी छापावी, ती वाळल्यावर त्याच रबरी ठशाने गडद तपकिरी रेघ त्या पांढऱ्या खाचांवर बसवावी, आणि खालची अक्षरे टेप काढून रबरानेच छापावीत. जागा जुळवण्यासाठी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या खुणा कराव्यात. फोम दाबताना किंचित पसरतो, त्यामुळे रेघ केसभर इकडेतिकडे होईलच. जुन्या छापील कॅलेंडरांवर रंग रेघेबाहेर सरकलेले असत तसे ते दिसते, आणि हाताच्या कामाला ते वाईट दिसत नाही. ठसा दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तर ही रीत चालत नाही, पण त्याचाही उपयोग होतो. उजवीकडे पाहणाऱ्या मोराचा ठसा असेल तर रबराने एक मोर आणि फोमने दुसरा छापावा. पैठणीच्या पदरावर असतात तसे दोन मोर समोरासमोर येतात, एक रेघांचा आणि एक सावलीचा. लग्नाच्या कार्डासाठी याहून सोपी सजावट मला माहीत नाही.

रबरी ठसेच हवेत असेही नाही. चकलीच्या सोऱ्यातली तारेच्या आकाराची चकती फोमवर फार सुंदर उमटते. तिच्या भोकांत फोम फुगून वर येतो, म्हणून तारा रंगीत येतो आणि भोवतालचा गोल कोरा राहतो. गोणपाट, नारळाच्या काथ्याचा गुंडाळा, जुन्या साडीची जरीची किनार, बांगड्या, मूगडाळीचे दाणे, सगळे चालते. पानांमध्ये जाड शिरांची पाने घ्यावीत आणि शिरा वर येतील अशी, म्हणजे पाठीची बाजू वर करून ठेवावीत. ओले पान गरम फोमखाली पाणी सोडते, तेव्हा ते एक दिवस पुस्तकात दाबून घेतलेले बरे. साडीवर छपाई करणाऱ्यांचे लाकडी ठसे मिळाले तर जरूर वापरावेत. त्यांचा कोरीव भाग खोल असतो आणि फोमला तो मानवतो.

कागदाबद्दल थोडक्यात. कार्डाचा पाया २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असावा. ए४ कागद मधोमध कापून घडी घातली की ए६ आकाराची, १०५ बाय १४८ मिलिमीटरची दोन कार्डे होतात. छाप थेट कार्डावर घेऊ नये. ९५ बाय १३८ मिलिमीटरच्या वेगळ्या कागदावर घेऊन ती चारी बाजूंनी पाच मिलिमीटर कड सोडत चिकटवावी, म्हणजे बिघडलेल्या छापेबरोबर अख्खे कार्ड वाया जात नाही. खडबडीत हातकागदावर रबरी ठशाची रेघ तुटक येते, पण फोम स्वतः दबून कागदाच्या उंचसखलपणाशी जुळवून घेतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनवलेला तसा कागद मिळाला तर त्यावर फोमची एक छाप जरूर घेऊन पाहावी.

ठोकळे आपल्याकडे नेहमी मिळतातच असे नाही, आणि मिळाले तरी महाग पडतात. मी शाळांच्या वर्गांसाठी स्टेशनरीच्या दुकानातली ईव्हीए फोम शीट घेते. ती दोन मिलिमीटरची असेल तर तीन-चार थर एकमेकांवर चिकटवावेत. वरचा थर तेवढा तापवायचा. त्यावर नक्षी ठोकळ्याइतकी खोल येत नाही आणि पुन्हा तापवल्यावर पूर्ण पुसलीही जात नाही, पण दहा-वीस कार्डांना पुरते. कुठल्याही अनोळखी फोमचा आधी कोपरा तापवून त्यावर रुपयाचे नाणे दाबून पाहावे. थंड झाल्यावर अंक राहिला तर फोम कामाचा. पीव्हीसीच्या चटया मात्र तापवू नयेत, त्यांचा धूर वाईट असतो. एका विक्रेत्याने मला ठोकळा म्हणून साधा पॅकिंगचा फोम दिला होता, तो तापवताच आक्रसून अक्रोडाएवढा झाला. तेव्हापासून नाण्याची परीक्षा मी कधी चुकवत नाही.

काम संपल्यावर फोम ओल्या फडक्याने किंवा साबणाच्या पाण्याने लगेच पुसावा, थिनर किंवा स्पिरिट लावू नये. पुन्हा तापवण्यापूर्वी तो स्वच्छ आणि कोरडा हवा. वाळलेली शाई राहिली तर तापवल्यावर तिची सालपटे होतात आणि पुढच्या प्रत्येक छापेत दिसतात. अनेकदा वापरलेल्या ठोकळ्यात जुन्या नक्षीच्या अंधूक खुणा राहतात, तेव्हा तो बारीक नक्षीला न वापरता आभाळ, पाणी, भिंत अशा पोतांसाठी वेगळा ठेवावा. आणि आपण आत्ता पणतीची जी छाप घेतली आहे ती पुसून टाकू नका. अक्षरांचा भाग कटरने कापून काढा आणि उरलेल्या फोमने पिवळी पार्श्वभूमी छापायला घ्या.